मित्राच्या नावानं शिष्यवृत्ती सुरू करायचीय? आधी हे गणित मांडा

तुमच्या कॉलेजच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल, तर हा मेसेज तुम्ही कधी ना कधी वाचला असेल. "आपला मित्र अचानक गेला. त्याच्या नावानं कॉलेजच्या गरजू मुलांसाठी काहीतरी करूया." तासाभरात हात जोडलेले इमोजी येतात, मग आकडे यायला लागतात. माझे पाच हजार, माझे दहा. दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं, पैसे पाठवायचे कुठे?

बहुतेक वेळा उत्तर येतं, "सध्या माझ्या खात्यावर टाका, नंतर बघू." हे "नंतर बघू" फार महागात पडू शकतं.

कारण साधं आहे. एखाद्याच्या बचत खात्यात जमा झालेले पैसे कायद्याच्या नजरेत त्याचे असतात. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम कोणत्याही मोबदल्याशिवाय आली, तर आयकर खातं ती त्याचं उत्पन्न धरू शकतं. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर ते पैसे त्याच्या वारसांच्या हिशोबात जातात. देणगीदारांना पावती नाही, करात सवलत नाही. आणि तीन वर्षांनी ग्रुपवर "हिशोब कुठाय?" हा प्रश्न आला की मैत्रीही जाते.

मग पैसे ठेवायचे कुठे?

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे विद्यापीठाकडे किंवा कॉलेजकडेच रक्कम सोपवणं. विद्यापीठं अशा देणग्या स्वीकारतात. मूळ रक्कम बँकेत मुदत ठेवीत राहते आणि दरवर्षीच्या व्याजातून बक्षीस, पदक किंवा शिष्यवृत्ती दिली जाते. दीक्षांत समारंभात जी "कै. अमुक तमुक स्मृती सुवर्णपदक" अशी लांबलचक यादी वाचली जाते, ती याच वाटेनं आलेली असते. तुम्हाला ना संस्था काढावी लागते, ना दरवर्षी ऑडिट करून घ्यावं लागतं. पण त्या बदल्यात तुमचा ताबाही जातो. कुणाला द्यायचं, कधी द्यायचं, अर्ज कसा मागवायचा हे विद्यापीठ ठरवतं. तुम्ही करारपत्रात जे लिहून घेतलं तेवढंच तुमच्या हातात.

दुसरा रस्ता म्हणजे स्वतःचा सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट. महाराष्ट्रात त्यासाठी १९५०चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. न्यासपत्र तयार करायचं आणि तीन महिन्यांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयात नोंदणीचा अर्ज करायचा. नोंदणी झाली की 'ई' मालिकेतला क्रमांक मिळतो. सात सभासद जमवून १८६०च्या कायद्याखाली सोसायटी काढली, तर तिचीही धर्मादाय कार्यालयात नोंद होते आणि तिला 'एफ' क्रमांक मिळतो. शिष्यवृत्तीपुरतं काम असेल तर न्यास पुरतो. सोसायटी म्हटली की सभासद आले, सभा आल्या, निवडणुका आल्या.

न्यास काढणं अवघड नाही, तो चालवणं चिकाटीचं काम आहे. दरवर्षी ३१ मार्चला हिशोब बंद करायचे, ते तपासून घ्यायचे, कार्यालयात सादर करायचे. विश्वस्त बदलला की ९० दिवसांच्या आत 'बदल अर्ज' द्यायचा. हा बदल अर्ज न दिल्यामुळे कागदावर वारलेले विश्वस्तच कारभार पाहतायत, अशी अवस्था होते. मग बँक सही मान्य करत नाही आणि शिष्यवृत्ती अडकते. म्हणून विश्वस्त निवडताना नाव मोठं असण्यापेक्षा फोन उचलणारा आणि वेळेवर सही करणारा माणूस बघा.

आणखी एक गोष्ट सह्या करण्याआधी सगळ्यांना सांगून टाका: न्यासात गेलेला पैसा परत येत नाही. पुढे मतभेद झाले म्हणून आपापले पाच हजार उचलून निघता येत नाही.

व्याजावर किती मुलं शिकतील?

इथे भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. समजा ग्रुपनं १० लाख जमवले. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला ७० हजार. करमाफी टिकवायची तर न्यासाला साधारणपणे वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टावर खर्च करावी लागते, म्हणजे ५९,५०० रुपये. उरलेले १०,५०० मूळ निधीत टाकता येतील.

एका मुलाला वर्षाला ३० हजार द्यायचे ठरवले तर झाली दोन मुलं. आता यातली मेख बघा. पहिल्या वर्षी निवडलेल्या मुलाला पदवी पूर्ण होईपर्यंत मदत करायची, तर तीन वर्षं दोघंच. दरवर्षी नवे दोघे घ्यायचे म्हटलं तर तिसऱ्या वर्षी यादीत सहा जण असतात आणि लागतात एक लाख ८० हजार. तेवढं व्याज येतच नाही. अनेक उपक्रमांची तिसऱ्या वर्षी दमछाक होते ती याच ठिकाणी.

त्यात महागाई. दर वर्षाला पाच टक्क्यांनी वाढले तर पैशाची किंमत साधारण १४ वर्षांत निम्मी होते. आजोबांनी पन्नास वर्षांपूर्वी पाच हजारांची ठेव ठेवली असेल, तर सात टक्क्यांनी तिचं आजचं व्याज ३५० रुपये. त्या काळी पाच हजार ही मोठी रक्कम होती. आज त्या व्याजात महिन्याची मेसही भागत नाही.

याला पर्याय आहे आणि माझ्या मते नव्या बॅचसाठी तोच जास्त शहाणपणाचा आहे. मोठा कायम निधी उभारायच्या मागे न लागता दरमहा वर्गणी ठेवायची. तीस जणांनी महिन्याला हजार रुपये दिले तर वर्षाला तीन लाख ६० हजार होतात. एवढं व्याज सात टक्क्यांनी मिळवायचं तर ५१ लाखांहून जास्त ठेव लागेल. वर्गणीतला धोका उघड आहे, चार वर्षांनी उत्साह ओसरतो. म्हणून निवडलेल्या प्रत्येक मुलाच्या उरलेल्या वर्षांचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवायचे. निधी बंद पडला तरी अर्ध्या वाटेवर कुणी राहता कामा नये.

तिसरा प्रकारही जुना आहे. जमशेटजी टाटांनी १८९२मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा एन्डोमेंट कर्जरूपी शिष्यवृत्ती देतो. शिकून कमावता झालेला विद्यार्थी पैसे फेडतो आणि ते पुढच्याच्या कामी येतात. माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन याच निधीच्या मदतीनं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकले. परदेशी उच्च शिक्षणाला हे ठीक आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलीला मेसच्या पैशासाठी कर्ज देणं मात्र मला पटत नाही.

'बारा ए' आणि 'ऐंशी जी' ही काय भानगड आहे?

न्यासाच्या स्वतःच्या उत्पन्नावर कर लागू नये म्हणून जी नोंदणी असते तिला बोलीभाषेत 'बारा ए' म्हणतात. देणगीदाराला सवलत मिळावी म्हणून लागते ती 'ऐंशी जी'. २०२५चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, पण लोकांच्या तोंडी जुनीच नावं आहेत. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते.

सवलतीबद्दल गैरसमज बरेच आहेत. अशा न्यासाला दिलेल्या देणगीच्या साधारण निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही ठरावीक मर्यादेत. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर काहीच नाही. आणि ज्यांनी नवी कररचना निवडलीय त्यांना ही वजावट मिळतच नाही. नोकरदार मित्रांपैकी बरेच जण आता नव्या रचनेत आहेत, त्यामुळे "ऐंशी जी आली की धो धो देणग्या येतील" या भरवशावर राहू नका. मुलाच्या हातात पडलेल्या शिष्यवृत्तीवर मात्र कर नाही.

"आपल्या समाजाच्या मुलांसाठी" हा विषय इथेच निघतो. एखाद्या विशिष्ट जातीच्या किंवा धर्माच्या मुलांपुरताच न्यास काढला, तर आयकरातली माफी आणि ऐंशी जी दोन्ही अडचणीत येतात. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग आणि महिलांसाठी काम करणाऱ्या न्यासांना त्या माफीत स्पष्ट सूट आहे. तसंच विश्वस्तांच्या पुतण्या-भाच्यांना शिष्यवृत्ती देऊ नका. नियमानं ते महागात पडतं आणि गावात चर्चा होते ती वेगळीच.

अमेरिकेतला मित्र पैसे पाठवतोय, घ्यायचे का?

त्याचा पासपोर्ट कोणता ते आधी विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही तो कायद्याच्या दृष्टीनं परदेशी स्रोत आहे. त्याच्याकडून न्यासाला पैसे घ्यायला २०१०च्या परकीय योगदान कायद्याखाली परवानगी लागते. ही नोंदणी मागायची तर साधारणपणे संस्था तीन वर्षं चाललेली हवी, त्या काळात किमान १५ लाख खर्च झालेला हवा आणि खातं स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत उघडावं लागतं. नव्या छोट्या न्यासाला हे झेपणारं नाही. मित्राला सांगा, सुट्टीत आलास की मुलांना इंग्रजी मुलाखतीची तयारी करून दे.

पैसे नेमके कशासाठी द्यायचे?

मला यात सगळ्यात जास्त रस आहे, कारण चुकीच्या ठिकाणी दिलेला पैसा वाया जातो. फी भरायला सरकारी योजना आहेत, महाडीबीटीवर अर्ज करता येतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. तरीही मुलं शिक्षण सोडतात. कारण फी माफ झाली तरी कॉट बेसिसवरच्या खोलीचं भाडं माफ होत नाही. मेस, एसटीचा पास, सेकंडहँड लॅपटॉप, चष्मा, घरी जायचं तिकीट, या सगळ्याला रोकड लागते आणि ती दर महिन्याला लागते.

सयाजीराव गायकवाडांनी १९१३मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी जी शिष्यवृत्ती दिली, ती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी होती. यातला "दरमहा" हा शब्द लक्षात घ्या. वर्षाअखेरीस व्यासपीठावर बोलावून दिलेला २५ हजारांचा धनादेश फोटोत छान दिसतो, पण त्या वेळी मुलावर मेसवाल्याची सात महिन्यांची उधारी झालेली असते. आणि फोटोचं म्हणाल तर मुलाच्या हातात पुठ्ठ्याचा मोठा चेक देऊन तो स्टेटसला ठेवू नका. त्याच्या वर्गातली मुलंही ते बघतात.

निवड करताना उत्पन्नाचा दाखला घ्याच, पण त्यावर थांबू नका. तहसीलचा दाखला जुनी परिस्थिती सांगतो, वडिलांचं काम गेल्या महिन्यात सुटलंय हे तो सांगत नाही. जमलं तर घरी जाऊन या, नाहीतर वर्गशिक्षकांशी आणि मेसवाल्याशी बोला. मेसवाल्याला खरी माहिती असते.

गुणांची अट ठेवायची असेल तर एटीकेटीचं काय, हे न्यासाच्या नियमावलीत आधीच लिहा. रात्री पेट्रोल पंपावर काम करून दिवसा वर्गात बसणारा मुलगा एका विषयात राहिला म्हणून मदत बंद केली, तर ज्याच्यासाठी निधी काढला त्यालाच बाहेर काढल्यासारखं होईल. एका सत्राची सवलत ठेवा, तेवढ्यात तो विषय निघतो.

राहिलं वेळापत्रक. मुलं जून-जुलैत प्रवेश घेतात, खोलीची अनामत तेव्हाच भरावी लागते. त्यामुळे अर्ज मे महिन्यात मागवा, मुलाखती निकालानंतरच्या पंधरवड्यात उरका आणि पहिला हप्ता ऑगस्ट उजाडायच्या आत मुलाच्या खात्यात जाऊ द्या. फीचा भाग असेल तर तो थेट कॉलेजला भरा, बाकीचे पैसे महिन्याच्या एक तारखेला मुलाच्या नावावर.