मांडवाखालचे जग

निफाड, दिंडोरी किंवा तासगावच्या द्राक्षपट्ट्यात हंगामातल्या गप्पा ऐकाव्यात. पाऊस, मजूर आणि भाव यांच्या जोडीला तिथे सुएझ कालवा असतो, हुती बंडखोर असतात, ढाक्याचे आयातशुल्कही असते. या गप्पांना वजन आहे. अंदाज चुकला तर वर्षाची कमाई जाते.

नोव्हेंबर 2023 पासून हुतींनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. पुढच्या हंगामात युरोपला निघालेल्या नाशिकच्या द्राक्षांचा प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला, कंटेनरचे भाडेही चढले. वरुड-मोर्शीच्या संत्र्याला वेगळाच फटका बसला. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवत नेले, 2023 मध्येही ते वाढवले. भारताने वारंवार कांदा अडवला, त्याचे हे उत्तर आहे, असे वरुड-मोर्शीतले अनेक बागायतदार मानतात.

हे शहाणपण आले कुठून? एक धागा चाकणजवळच्या आंबेठाणला जातो. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून आलेल्या शरद जोशींनी तिथे कोरडवाहू शेती केली आणि शिबिरांतून शेतकऱ्यांना भावाचे अर्थकारण समजावले. 1980 च्या कांदा आंदोलनामागे ही शिकवण होती.

दुसरा धडा महागात पडला. 2010 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात, ते हे वाढनियंत्रक वर्षानुवर्षे सर्रास वापरात होते. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत मात्र ते नव्हते. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला. तेव्हापासून रेसिड्यू हा शब्द घराघरात पोचला. कोणती फवारणी तोडणीच्या किती दिवस आधी थांबवायची, याचा हिशेब बागायतदार आज तोंडपाठ सांगतात.

तंत्रज्ञानाबद्दलचे मतही याच अनुभवातून घडले आहे. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेला यांनी 2025 मध्ये त्याचा जाहीर उल्लेख केला. उत्सुकता मोठी आहे. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला सल्ला असो की यंत्राने दिलेला, तो आधी कुणाच्या तरी प्लॉटवर पाहायचा, ही जुनी शिवारफेरीची रीत टिकून आहे. ती टिकायलाच हवी. यूट्यूबवर औषधाचे प्रमाण सांगणाऱ्याच्या खिशातून बागेचा खर्च जात नाही.

एवढे शिकूनही एका गोष्टीपुढे शेतकरी हतबल ठरतो, ती म्हणजे अवचित आलेला सरकारी आदेश. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा लाल कांदा बाजारात होता आणि उन्हाळ कांद्याची लागवड तोंडावर आली होती. लासलगावसह नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले, मुंबई-आग्रा महामार्ग रोखला गेला. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण हटायला 1 एप्रिल 2025 उजाडला.

लाल समुद्रातले युद्ध दिल्लीच्या हाती नाही. निर्यातीचे धोरण आहे. उन्हाळ कांद्याची रोपे शेतात जाण्यापूर्वी सरकारने ते हंगामापुरते जाहीर करावे आणि मध्येच बदलू नये.