सणाची रोषणाई आणि विजेची शिस्त

कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्र १९०२ साली सुरू झाले. तेथील वीज प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली. पुढे १९०५ साली ती बंगळुरू शहरात पोहोचली आणि रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. आज त्याच शहरात सणासुदीला घराघरांवर दिव्यांच्या माळा झगमगतात. मराठी कुटुंबांच्या सज्जात आकाशकंदीलही झुलतो. मात्र पणतीची ज्योत डोळ्यांना दिसते, तारेतील वीज दिसत नाही. म्हणूनच तिच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते.

ओलावा : खरा शत्रू

बंगळुरूत सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे भरपूर पावसाचे महिने असतात. गणेशोत्सव, दसरा आणि पुष्कळदा दिवाळीही पावसातच येते. अशा वेळी ओली गच्ची, लोखंडी कठडा आणि सोललेली तार यांचा संयोग प्राणघातक ठरू शकतो.

आपल्या घरात २३० व्होल्ट दाबाची वीज येते. कोरडी त्वचा विजेला बराच विरोध करते. त्वचा भिजली, की हा विरोध सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० ला १,००० ने भागले असता शरीरातून ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो, असे दिसते. हृदयाची लय बिघडवण्यास याहून कितीतरी कमी प्रवाह पुरेसा असतो.

अनेकांना वाटते, की फ्यूज किंवा एमसीबी असल्यावर भय नाही. हा गैरसमज आहे. ६ अँपिअरचा एमसीबी ६,००० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागल्यावर कार्य करतो. तो तारांचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसासाठी आरसीसीबी हे उपकरण असते. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच ते क्षणार्धात वीज तोडते.

नियम काय सांगतात?

विद्युत अधिनियम, २००३ च्या आधारे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षाविषयक विनियम केले आहेत. सध्याचे विनियम २०२३ सालचे आहेत. त्यांनुसार दिवा, पंखा किंवा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडून वायरिंगमध्ये भर घालणे अथवा बदल करणे हे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते. घरावरून किंवा घराजवळून जाणाऱ्या विजेच्या तारांसाठीही अंतरे ठरलेली आहेत. कमी दाबाची तार इमारतीपासून आडव्या दिशेने किमान १.२ मीटर, तर छतापासून वर किमान २.५ मीटर दूर असावी लागते. गच्चीवर दिव्यांसाठी काठी किंवा लोखंडी सळई उभी केली, तर हेच सुरक्षित अंतर आपण आपल्या हाताने कमी करतो.

कोणती दक्षता घ्यावी?

बाहेर लावावयाच्या माळेच्या वेष्टनावर ‘आयपी ४४’ किंवा त्याहून वरचा दर्जा पाहावा. ‘आयपी ४४’ म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण. ‘आयपी २०’ दर्जाची माळ फक्त घरात वापरावी. जोड उघडे ठेवू नयेत. एक्स्टेन्शन बोर्ड कोरड्या व उंच जागी असावा. तारेला खिळा ठोकू नये. ती लोखंडी कठड्याला गुंडाळू नये. माळ लावताना, काढताना किंवा तिचा दिवा बदलताना प्लग आधी काढावा. झोपण्यापूर्वी रोषणाई बंद करावी.

कोणास विजेचा धक्का बसला, तर त्या व्यक्तीला हात लावण्याआधी मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने घरातील तार दूर सारावी. रस्त्यावरची तार तुटून पडली असल्यास मात्र जवळ जाऊ नये, इतरांनाही जाऊ देऊ नये. बंगळुरूमध्ये बेसकॉमच्या १९१२ या क्रमांकावर त्वरित कळवावे.

रोषणाई आनंदासाठी असते. सण संपल्यावर माळा उतरवताना घरातील सर्व माणसे सुखरूप असावीत, एवढ्यासाठीच हे नियम आहेत.