खांद्याची मुदत

शरीराचा भार वाहण्याची जोखीम अंगावर नसल्यामुळे खांद्याचा संधिवात गुडघ्याच्या मानाने विरळा, आणि म्हणूनच बराच काळ उपेक्षित. परंतु दंडाच्या हाडाचे गोल माथे आणि खवाट्यावरील बशीसारखी उथळ खोबण यांमधील कूर्चा झिजून ज्याच्या हाडावर हाड घासू लागले, त्याला केस विंचरणेही दुष्कर होते, मग पोहणे किंवा टेनिस दूरच राहिले.

अशा खांद्यात कृत्रिम सांधा बसवण्याची कल्पना जुनी आहे. १८९३ साली पॅरिसमध्ये शल्यविशारद पेआँ यांनी क्षयाने पोखरलेल्या खांद्यात प्लॅटिनम व रबर यांचा सांधा बसवला, तो पुढे काढावा लागला. न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनी अस्थिभंगासाठी योजलेले धातूचे माथे मात्र टिकले, आणि त्याचा संधिवातावरील उपयोग त्यांनी १९७४ मध्ये सविस्तर मांडला.

आता खेळाडूचा प्रश्न: असा सांधा बसवल्यावर खेळात परतायचे कधी? सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी शल्यविशारद बहुधा खांद्याच्या पुढील अंगाचा, हात आत वळवणारा स्नायुबंध सोडवतो व काम आटोपल्यावर पुन्हा शिवतो. आणि धातू पहिल्याच दिवशी पक्का असला, तरी ही शिवण आपल्या मुदतीनेच जुळते. म्हणून सुमारे सहा आठवडे हात झोळीत, खुर्चीवरून उठताना त्यावर जोर देण्याची मनाई, आणि बळ वाढवण्याच्या व्यायामास साधारण तीन महिन्यांनंतर परवानगी. गोल्फ किंवा पोहणे चौथ्या ते सहाव्या महिन्यात, टेनिस बहुधा त्याहून उशिरा. वेदना मात्र त्याआधीच ओसरते, आणि उतावळा मनुष्य तिथेच फसतो: दुखणे थांबले म्हणजे मुदत भरली असे नव्हे.

दुसरी अडचण धातूच्या माथ्यासमोर खोबणीत बसवलेल्या प्लॅस्टिकच्या वाटीची. जबर धक्का बसला की ती कडेवर डुलते आणि कालांतराने सैल होते; यास्तव कुस्ती व अवजड वजने उचलणे यांना सहसा मुभा मिळत नाही. ही वाटी टाळून, खोबणीचे हाडच घासून गुळगुळीत करण्याची तजवीज सिअ‍ॅटलच्या फ्रेडरिक मॅटसेन यांनी पुरस्कारली. तीत मेहनतीच्या खेळांना अधिक मोकळीक असली, तरी रोज नेटाने ताणाचे व्यायाम करण्याची अट आहे व बरे होण्यास वेळही अधिक लागतो.

तेव्हा शस्त्रक्रियेला संमती देण्यापूर्वीच, आपण कोणता खेळ खेळतो आणि किती जोराने, हे शल्यविशारदाला स्पष्ट सांगावे. कारण कोणता सांधा बसवायचा, हे त्या उत्तरावरही अवलंबून असते.