मळीची रम

रम हे उसाचे मद्य असले, तरी जगातली बहुतेक रम रसापासून नव्हे, मळीपासून होते. रस आटवून साखरेचे दाणे पुन्हा पुन्हा काढून घेतल्यावर उरणारा काळा, चिकट पाक म्हणजे मळी. एक टन उसामागे ती साधारण 40 ते 45 किलो निघते. तिच्यात जवळपास निम्मी साखर शिल्लक असते. ती दाण्याच्या रूपात काढणे परवडत नाही. यीस्टला मात्र चालते.

मळीच्या आधी ऊस तोडावा लागतो, आणि बीड जिल्ह्याचे नाव उसाशी जोडले जाते ते पिकाआधी या तोडीमुळे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी तिथे ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. पुढे जिल्ह्यातही माजलगाव, परळी, अंबाजोगाई भागात साखर कारखाने उभे राहिले. रमचा इतिहास 17व्या शतकातल्या बार्बाडोसच्या मळ्यांपासून, गुलामांच्या राबण्यापासून सांगितला जातो. आजच्या भारतीय रमच्या गोष्टीत कोयत्याचा उल्लेख अभावानेच येतो.

उसाचे मद्य भारताला मुळात नवे नव्हते. मनुस्मृतीतल्या सुरेच्या तीन प्रकारांपैकी गौडी ही गुळाची. चरकसंहितेत शीधू दोन तऱ्हेचा आहे, शिजवलेल्या रसाचा आणि कच्च्या रसाचा. ही सगळी आंबवलेली पेये. त्यांना सरसकट रमचे पूर्वज ठरवण्याचा उत्साह आवरलेला बरा. रमची खरी चुलत बहीण शोभते ती हातभट्टी. काळा गूळ, नवसागर, आंबवण आणि भट्टी अशी तिची रीत. तिच्या धारेतला कोणता भाग टाकायचा आणि कोणता ठेवायचा, यावर कुणाचे नियंत्रण नसते. मोठ्या विषबाधांमागे बहुधा मिसळलेले मिथेनॉल असते. जून 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत त्याने शंभराहून अधिक बळी घेतले.

डिस्टिलरीत मळी पाण्याने पातळ करून तिच्यात यीस्ट सोडतात. दीड-दोन दिवसांत 7 ते 9 टक्के मद्यार्काचा ‘वॉश’ तयार होतो. तो उंच स्तंभांतून वाफेवर ऊर्ध्वपातित केला, की सुमारे 95 टक्क्यांचे स्पिरिट मिळते. एका लिटरमागे साधारण 8 ते 15 लिटर तपकिरी सांडपाणी निघते. दुष्काळी भागात हा हिशेब दुर्लक्षून चालत नाही. स्तंभात स्पिरिट जितके शुद्ध होते, तितकी उसाची चव त्यातून जाते. जमैकात म्हणूनच अजूनही तांब्याची भांडी वापरतात आणि आंबवणही जास्त दिवस चालते. त्या रमला पिकलेल्या फळांचा उग्र वास येतो. मार्टिनिकची ‘रम अॅग्रिकोल’ ताज्या रसाची असते, तिला हिरव्या उसाची चव असते. ब्राझीलची काशासाही रसाचीच.

पांढरी रम बहुधा मुरवत नाहीत किंवा मुरवून कोळशातून गाळतात. सोनेरी आणि काळी रम ओकच्या पिंपांत राहते. काळ्या रंगात जाळलेल्या साखरेचाही वाटा असतो. उष्ण हवेत ती लवकर मुरते, तशी लवकर उडूनही जाते. भारतात काळ्या रमचेच राज्य आहे. 1954 साली आलेली मोहन मीकिनची ओल्ड मंक तिचा ठळक नमुना. बाटलीवरचे 42.8 टक्के हे विचित्र वाटणारे प्रमाण जुन्या ब्रिटिश मोजमापातून आले आहे: तिथे 100 प्रूफ म्हणजे सुमारे 57 टक्के, त्याचे तीन-चतुर्थांश. ब्रिटिश नौदलाने रमचा रोजचा रतीब 31 जुलै 1970 रोजी बंद केला. भारतीय सैन्याच्या कँटीनमध्ये रमचे स्थान टिकून आहे, आणि तिथूनच ती अनेक गावांत पोचली.

पांढऱ्या रममध्ये लिंबू आणि साखर घातली की डायकिरी, त्यात पुदिना आणि सोडा आला की मोहितो. काळी रम महाराष्ट्रात कोलाबरोबर घेतात, थंडीत गरम पाण्यातून. नाताळच्या केकसाठी सुका मेवाही तीतच भिजतो.

मळीला आता दुसरे मोठे गिऱ्हाईक मिळाले आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प 2001 साली मिरज आणि मनमाडलाही झाले. 2025 पर्यंत पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर गेले. कारखाने साखरेचा शेवटचा टप्पा सोडून ‘बी-हेवी’ मळी काढू लागले. टनामागे तिच्यातून सुमारे 300 लिटर इथेनॉल मिळते, शेवटच्या मळीतून सुमारे 225. मद्य कंपन्यांना कच्च्या मालासाठी तेल कंपन्यांशी स्पर्धा करावी लागते. भारतीय व्हिस्कीला धान्याचे स्पिरिट चालते, रमला चालत नाही.