रॉकेलवर तरंगणारे पुरावे

संपादकांनी पाठवलं होतं अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर लिहायला. सुमारे साठ मीटर उंच उभे बेसॉल्टचे खांब, माथ्यावर गावदेवी. पण दख्खनच्या लाव्हाविषयी वाचताना मी नागपूरजवळच्या टाकळीत अडकले. लाव्हाचा एक लोट थंड होऊन दुसरा येईपर्यंत तिथे तळं साचलं होतं आणि त्याच्या गाळात भुंगेरे गाडले गेले. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी ते गोळा केले. अँड्र्यू मरे यांनी 1860मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचं वर्णन छापलं. त्यातल्या एकाचं नाव लोमॅटस हिस्लोपी.

हे भुंगेरे त्या काळच्या हवेबद्दल काय सांगतील? उत्तरासाठी इंग्लंडला जावं लागतं. बर्मिंगहॅमच्या रसेल कूप यांनी 1950च्या दशकापासून हिमयुगातला गाळ तपासायला घेतला. त्यांची पद्धत मला विलक्षण आवडते, कारण तिचा जीव रॉकेलात आहे. गाळ बारीक चाळणीवर धुवायचा, निथळायचा, रॉकेलात कालवायचा, जास्तीचं रॉकेल ओतून टाकायचं आणि वर थंड पाणी सोडायचं. भुंगेऱ्याच्या कवचाला तेल चिकटतं, म्हणून पंखकवचं, डोकी, छातीचे तुकडे वर येतात; झाडपाल्याचा बराचसा चोथा तळाशी राहतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तुकडा संग्रहालयातल्या नमुन्याशी ताडून पाहायचा. हा भाग डोळ्यांचा अंत पाहणारा आहे.

हिमयुगांच्या काळात बहुतेक जाती बदलल्या नाहीत. ज्या त्या जातीने आपल्याला मानवणारी हवा शोधत मुक्काम हलवला. आज फक्त तिबेटच्या उंच पठारावर राहणारा एक शेणातला भुंगेरा कूप यांना इंग्लंडच्या गाळात मिळाला! एकाच थरातल्या सगळ्या जाती आज कोणत्या तापमानात जगतात ते पाहायचं. सर्वांना चालेल असा जो पट्टा उरतो, ती त्या थराची हवा. 1987मध्ये अ‍ॅटकिन्सन, ब्रिफा आणि कूप यांनी याच रीतीने ब्रिटनच्या 22,000 वर्षांतले उन्हाळे-हिवाळे मांडले.

टाकळीला ही रीत लागू पडत नाही. तो गाळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. त्या जाती आज नाहीत, मग ताडून कशाशी पाहणार? मुलुंड-भांडुपच्या खाडीतला चिखल वयाने सोयीचा. पण तिथे खेकडे बिळं करून थर उलथवतात, आणि भरती-ओहोटी कुठले कुठले तुकडे आणून टाकते. उष्ण प्रदेशात तापमान फार हलतही नाही. हलतो तो पाऊस, आणि पद्धत बांधलेली आहे थंडी-उन्हावर. कवच टिकायला ओला, हवाबंद गाळ लागतो. आपल्याकडे वर्षातले आठ महिने जमीन वाळते.

सर्वांत मोठी उणीव आजच्या नोंदींची आहे. ब्रिटनमध्ये कोणता भुंगेरा कुठे राहतो हे पाद्री, डॉक्टर, शिक्षक अशा हौशी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या टिपून ठेवलं, म्हणून कूप यांचं काम उभं राहिलं. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883पासून आहे, तिच्याकडे कीटकांचा संग्रहही आहे. पण बोरिवलीच्या जंगलातल्या किंवा आरेच्या गवतातल्या भुंगेऱ्यांच्या मुक्कामांचा तसा दाट नकाशा आपल्याकडे नाही. आणि तीच जमीन झपाट्याने बांधकामाखाली जाते आहे, याची मला खरी काळजी वाटते.

पहिल्या पावसानंतर दिव्याखाली भुंगेरा दिसला तर त्याचा स्पष्ट फोटो घ्या आणि तारीख व नेमकं ठिकाण लिहून आयनॅचरलिस्टसारख्या नोंदस्थळावर टाका. झाडू नंतर मारा.