प्लास्टिक काढा, पण आधी ते उलटून पाहा

2005 साली पुण्याच्या बजाजने अ‍ॅव्हेंजर आणली आणि क्रूझर गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. तेव्हापासून अशा गाड्यांच्या मालकांची एक तक्रार कायम आहे: टाकी पत्र्याची, ऐटदार, आणि तिच्या शेजारी फिकट पडलेलं काळं प्लास्टिक. ते बदलावंसं वाटणं अगदी रास्त आहे. मात्र गॅरेजात जाण्याआधी काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

पहिली समजूत अशी की प्लास्टिक म्हणजे निव्वळ कंपनीची काटकसर, दणकट गाडी पत्र्याचीच. काटकसर आहेच. साच्यातून आकार, भोकं, खुंट्या सगळं एकदम निघतं. पण होंडाने 1958 च्या सुपर कबला प्लास्टिकचं लेगशील्ड दिलं, त्यामागे वजनाचाही विचार होता. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचा एक चौरस मीटर तुकडा आठ किलोच्या आसपास भरतो. तेवढाच तुकडा तीन मिलिमीटरच्या एबीएस प्लास्टिकचा असेल तर तीन किलोच्या थोडा वर. शिवाय पोचा पडतो पत्र्याला, आणि रत्नागिरी किंवा पणजीच्या खाऱ्या हवेत गंजही त्यालाच धरतो. पत्रा जरूर बसवा, पण त्याला आतूनही प्राइमर आणि रंग हवा. चिखल साचतो तो आतच.

पुढच्या मडगार्डच्या बाबतीत तर फार जपायला हवं. ते चाकाबरोबर वर-खाली होतं, म्हणजे त्याचं वजन स्प्रिंगच्या खाली येतं. तिथे वाढलेलं वजन खड्ड्यात जास्त जाणवतं. आणि अनेक गाड्यांत त्या प्लास्टिकच्या आत एक लोखंडी पट्टी असते, ती फोर्कचे दोन्ही पाय एकमेकांशी बांधून ठेवते. मडगार्ड काढून ती पट्टीही फेकून दिली, तर ब्रेक लावताना किंवा वळणावर हे दोन पाय एकसारखे राहत नाहीत. नवं मडगार्ड कुठलंही घ्या, ही पट्टी किंवा तितकीच मजबूत दुसरी जोडणी तिथे असलीच पाहिजे.

मागचं मडगार्ड अर्ध्यावर कापलं की झाली बॉबर, असंही मानतात. कापणं सोपं आहे, पण टायरला वर यायला जागा किती उरली हे कोणी मोजत नाही. चांगला कारागीर शॉकअप सोडवतो, तो पूर्ण दबल्यावर चाक जिथवर येईल तिथवर जॅकने उचलतो आणि टायर व पत्र्याच्या मधे बोट घालून पाहतो. बोट शिरत नसेल, तर मागे माणूस बसल्यावर पहिल्याच स्पीडब्रेकरला टायर घासणार. बोल्टही उलटे लागतात: गोल डोकं टायरकडे, नट बाहेर. हे न पाहिल्यामुळे टायर कापला जाऊ शकतो.

साइड पॅनल नुसतं झाकण असतं, हे अर्धंच खरं. त्यामागे बॅटरी, फ्यूज आणि वायरिंगचे जोड असतात, त्यांना पावसापासून आडोसा लागतो. त्याच्याजवळची एअर फिल्टरची पेटी दिसायला सगळ्यात ओबडधोबड, म्हणून तिच्या जागी उघडा कोनासारखा फिल्टर लावायचा मोह होतो. पण त्या पेटीचं आकारमान इंजिनाला लागणाऱ्या हवेच्या हिशेबाने ठरवलेलं असतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि आता बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या आहेत. हवा अचानक वाढली की पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं, इंजिन तापतं, गाडी धक्के देते. ही पेटी तिथेच राहू द्यावी आणि पॅनल बदलावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रंगाचं. प्लास्टिकवर रंग टिकत नाही म्हणतात ते सरसकट खरं नाही. पॅनल काढून उलटं करा. आतल्या बाजूला बऱ्याचदा साच्यातच उमटलेली इंग्रजी अक्षरं सापडतात. एबीएस असेल तर घासून, प्राइमर मारून रंग छान बसतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर त्याचा वेगळा प्राइमर लागतो, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. कित्येकदा पत्र्याचं काम न करता नुसता नीट रंग दिला तरी डोळ्यांना खुपणारी गोष्ट नाहीशी होते, आणि खर्च बराच वाचतो.

कायद्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात: काहीही बदललं तरी दंड, किंवा आपली गाडी, आपली मर्जी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलाबद्दल आहे. त्याच आकाराचं पॅनल बदलणं आणि चॅसी कापणं एका मापाने मोजलं जात नाही. पण नियमबाह्य बदलाला कलम 182-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि केंद्रीय मोटार वाहन नियम 123 प्रमाणे मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण लागतं, म्हणजे आपलं साडीगार्ड. ते काढायचं नाही. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात गेली की काय होतं हे सांगायला नको. मागचा लाल रिफ्लेक्टर आणि नंबरप्लेटवरचा दिवा मडगार्डबरोबर निघतो, तोही नव्या जागी परत लावावा.

काढलेले मूळ भाग भंगारात घालू नका. पंधरा वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते आणि तोवर त्या मॉडेलचे सुटे भाग बाजारात मिळतीलच असं नाही.