डिस्क वाढवायची, पण हक्क कुणाचा?

मी चारठाण्यात राहून क्लाउडवरचे सर्व्हर सांभाळते. नव्या मुलांचा फोन येतो तो बहुधा एकाच अडचणीसाठी: डिस्क भरली, वाढवायला गेलो, तर ‘परवानगी नाही’ असा मेसेज आला. पाठोपाठ विनंती, ‘ताई, मला ॲडमिनच करून टाका.’ याला माझा ठाम विरोध आहे. आधी नकार कुठून आला ते शोधावं.

आमच्या गावात यादवकालीन मंदिरं आहेत, उंच कोरीव स्तंभ आहे. समजा, त्यांचे फोटो १०० जीबीच्या डिस्कवर आहेत आणि ती २०० जीबीची करायची आहे. डिस्क वापरणं आणि तिचं माप बदलणं, हे हक्क वेगवेगळे असतात. शेत कुणीही कसो, सातबाऱ्यावरचा फेरफार मंडळ अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय होत नाही, तसंच हे.

ॲमेझॉनच्या क्लाउडवर २०१७पासून सर्व्हर चालू ठेवून डिस्क वाढवता येते. त्यासाठी ‘मॉडिफाय व्हॉल्यूम’ ही परवानगी लागते. ती असूनही अडलं, तर एखाद्या पॉलिसीत स्पष्ट मनाई आहे का बघा. तिथे एक मनाई सगळ्या परवानग्यांवर भारी पडते. ‘अपाचे क्लाउडस्टॅक’मध्ये युजरच्या रोलला ‘रिसाइज व्हॉल्यूम’ची मुभा हवी. ती असेल, तर खात्याची स्टोरेज मर्यादा संपली आहे का, हे तपासा. तिथे रोल बदलून उपयोग नाही, मर्यादाच वाढवून घ्यावी लागते.

माप वाढलं तरी काम उरतंच. लिनक्समध्ये पार्टिशन असेल तर आधी ते आणि मग फाइल सिस्टिम वाढवायची, आणि त्याला सर्व्हरवरचा रूट हक्क लागतो. क्लाउडची परवानगी तिथे चालत नाही. तोवर ‘डीएफ’ कमांड जुनाच आकडा दाखवत राहते.

एवढा बंदोबस्त कशाला? ॲमेझॉनवर वाढवलेली डिस्क परत लहान करता येत नाही आणि वाढीव जागेचं बिल सुरू राहतं. सरसकट ॲडमिन केलेल्या माणसाच्या हातून तर चुकून अख्खी डिस्कही पुसली जाऊ शकते.

म्हणून मेसेज पूर्ण वाचा. युजर कोण, क्रिया कोणती, डिस्क कोणती, हे टिपून घ्या आणि ॲडमिनकडे नेमकी मागणी करा: या युजरला, या डिस्कवर, एवढी एकच परवानगी द्या. अशी मागणी मंजूर करताना ॲडमिनलाही धास्ती वाटत नाही.